बघणारा कोण? क्वांटममधला ‘निरीक्षक’ आणि आपला ‘मी’

प्रकाशकाठी

३१ वर्षं बीएस्सीच्या मुलांना प्रकाशशास्त्राची प्रात्यक्षिकं शिकवली. इथे बहुतेक वेळ नुसता वाचतो. धागा पहिल्यांदाच काढतोय, कारण गेल्या आठवड्यात घरात एक गोष्ट घडली आणि ती डोक्यातून जात नाही.

माझ्या धाकट्या बहिणीला रुमॅटॉइड संधिवात आहे. बोटं वाकलीत, सकाळी कुकरचं झाकण निघत नाही. कुणाच्या तरी आग्रहावरून ती दोन दिवसांच्या एका शिबिराला गेली. तिथे पडद्यावर दोन चिरांचा प्रयोग दाखवला. इलेक्ट्रॉनकडे कुणी बघत नसेल तर भिंतीवर पट्टे उमटतात, बघितलं की पट्टे जातात. त्यावरून निष्कर्ष असा काढला की निरीक्षकाची जाणीव वास्तव घडवते, हे विज्ञानाने सिद्ध केलंय, म्हणून तुमचं दुखणंही तुमच्याच जाणिवेने घडवलेलं आहे. रात्री तिचा फोन आला. “दादा, म्हणजे हे मीच ओढवून घेतलं का रे?”

मला उत्तर सुचलं नाही. सुचलं नाही म्हणजे उत्तर माहीत होतं, पण फोनवर ते सांगता येईना. म्हणून इथे लिहितोय.

पहिली गोष्ट, ही कल्पना कुणा भोंदूने काढलेली नाही. जॉन फॉन नॉयमन यांनी १९३२ साली क्वांटम यामिकीचा गणिती पाया रचला, तेव्हा त्यांच्यापुढे एक अडचण आली. मोजलं की अनेक शक्यतांचा तरंग ‘कोसळून’ एकच निकाल उरतो, पण हे नेमकं कुठे घडतं? इलेक्ट्रॉनला उपकरण मोजतं, पण उपकरणही अणूंचंच. मग उपकरणाला डोळा मोजतो, डोळ्याला मेंदू. ही साखळी कुठेतरी तोडावी लागते. कुठे तोडली तरी गणिताचं उत्तर तेच येतं, हे त्यांनी दाखवलं, आणि साखळीच्या शेवटी निरीक्षकाचा ‘अमूर्त अहं’ ठेवला. शब्द त्यांचाच आहे. १९३९ मध्ये फ्रिट्झ लंडन आणि एडमंड बाउअर या भौतिकशास्त्रज्ञांनी तो धागा जाणिवेपर्यंत नेला. १९६१ मध्ये यूजीन विग्नर यांनी उघडच लिहिलं की जाणिवेचा उल्लेख टाळून क्वांटम यामिकी सुसंगतपणे मांडता येत नाही. विग्नर पुढे १९६३ चे नोबेल मानकरी, म्हणजे माणूस साधासुधा नव्हे. पण त्यांनीच नंतर हे मत सोडलं, आणि त्यामागे भोवतालामुळे क्वांटम परिणाम कसे पुसले जातात, यावरच्या डीटर त्से यांच्या १९७० च्या कामाचा मोठा वाटा होता. शिबिरात कहाणी १९६१ लाच थांबते.

आता प्रयोग. मी तो वर्गात अनेकदा केला आहे. लेझर पॉइंटरच्या झोतात एक बारीक ताठ तार उभी धरायची. दोन चिरांच्या जागी तारेच्या दोन बाजू. तारेच्या डावीकडून आणि उजवीकडून जाणारा प्रकाश पलीकडे एकमेकांत मिसळतो आणि भिंतीवर बारीक पट्टे उमटतात. आता पोलरायझर फिल्मचे (ही एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडते) दोन तुकडे घ्यायचे आणि तारेच्या डावीकडे एक उभा, उजवीकडे एक आडवा लावायचा. लेझर थोडा फिरवून दोन्ही बाजूंना सारखा उजेड येईल असं करायचं. झालं! बारीक पट्टे गायब, नुसता धूसर उजेड उरतो.

कुणी बघितलं? कुणीच नाही. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, डावीकडून गेला की उजवीकडून, हे कुणी मोजलं नाही, वहीत लिहिलं नाही. फक्त प्रत्येक वाटेवर खूण बसली. वाट कळू शकेल अशी खूण कुठेतरी राहिली, एवढंच पुरलं.

आणि मला सर्वांत आवडणारा भाग पुढे आहे. भिंतीच्या अलीकडे तिसरी फिल्म ४५ अंशांत धरली की उभी-आडवी खूण पुसली जाते, आणि पट्टे परत येतात. साध्या लेझरच्या बाबतीत हे सगळं लाटांच्या जुन्या भाषेतही सांगता येतं, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पण प्रयोगशाळांत एकेक फोटॉन सोडूनही हेच दिसतं, आणि तिथे जुनी भाषा पुरत नाही.

माझं म्हणणं एवढंच. ‘मी बघतो म्हणून जग असं आहे’ हे वाक्य क्वांटमचं नव्हे. ते अहंकाराचं आहे.

---

तळ्याकाठी

वाचनखूण साठवली. ताईंना माझ्याकडून सांगा, त्यांनी काहीही ओढवून घेतलेलं नाही.

---

नेवासेकर

सर, प्रयोग सुरेख मांडलात. पण शेवटच्या वाक्याशी मी अर्धाच सहमत आहे. तुम्ही अहंकार आणि चैतन्य एकाच पंगतीला बसवताय असं वाटलं. आपल्याकडे या दोन गोष्टी फार पूर्वीच वेगळ्या केल्या आहेत. सांख्यांच्या पंचवीस तत्त्वांत प्रकृतीपासून बुद्धी, बुद्धीपासून अहंकार आणि त्यातून मन नि इंद्रियं, अशी उतरंड आहे. हे सगळं जड. चैतन्य एकट्या पुरुषाचं. वेदान्त पुढे पुरुष आणि प्रकृती हे द्वैतही मोडतो.

शिवाय श्रोडिंगरना विसरून कसं चालेल? १९४३ मध्ये डब्लिनला दिलेल्या व्याख्यानांतून जे पुस्तक १९४४ साली निघालं, त्याच्या समारोपात त्यांनी आत्मा म्हणजेच ब्रह्म हे उपनिषदांचं सूत्र घेतलं आहे. चैतन्याला अनेकवचन नाही, असं ते मानत. क्वांटमचं मूळ समीकरण ज्यांच्या नावाने आहे तो माणूस हे लिहितो, तर जाणीव आणि क्वांटम यांचा संबंध नाही असं एका फटक्यात कसं म्हणता येईल?

माझं बालपण पैसाच्या खांबाच्या आसपास गेलं, म्हणून हा विषय माझ्यासाठी पुस्तकी नाही. चांगदेव पासष्टीच्या ६५ ओव्या आजोबांनी पाठ करून घेतल्या होत्या. द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटीच मुळात एकाची तीन रूपं, हे त्यात आरशाच्या दृष्टान्ताने सांगितलं आहे. तेव्हा काही कळलं नव्हतं. आता थोडंथोडं कळतंय.

---

प्रकाशकाठी

नेवासेकर, मला हवा होता तो मुद्दा तुम्ही काढलात. मनापासून आभार.

तुमच्याच शब्दांत बोलतो. सांख्यांचा पुरुष अकर्ता आहे ना? तो साक्षी, उदासीन, काही न करणारा. करणं सगळं प्रकृतीचं. मग इलेक्ट्रॉनचा तरंग कोसळवायचं काम त्या साक्षीच्या गळ्यात कसं घालायचं? ते काम त्याला दिलं की तो साक्षी उरत नाही, कर्ता होतो. आणि ‘हे मी केलं’ म्हणणारं तत्त्व तर तुम्हीच वर जडात मोजलंत.

म्हणजे ‘जाणिवेने वास्तव घडतं’ असं म्हणणारे ऋषींच्या बाजूचेही नाहीत. ते अहंकाराला साक्षीची वस्त्रं चढवतात. प्रयोगशाळा म्हणते, पट्टे जायला ‘मी’ लागत नाही. सांख्य म्हणतं, ‘मी’ हाच दृश्याच्या बाजूचा आहे. दोन्ही एकच गोष्ट सिद्ध करतात असा माझा दावा नाही, विषय वेगळे, पद्धती वेगळ्या. पण ‘मी’ला सिंहासनावर बसवायला दोघांचाही नकार आहे.

श्रोडिंगरबद्दल तुमची माहिती बरोबर आहे. मात्र त्यांनी वेदान्त आपल्या समीकरणातून काढला नाही. समीकरण १९२६ चं आणि वेदान्ताचं वेड त्याच्या आधीपासूनचं. १९३५ मध्ये त्यांनी मांजराचा दाखला दिला तो कशासाठी? पेटी उघडेपर्यंत मांजर जिवंतही नि मेलेलंही, हे त्यांना पटत नव्हतं म्हणून. आज तोच दाखला उलट बाजूने वापरला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

---

नेवासेकर

अकर्ता साक्षीचा मुद्दा मान्य. यावर विचार करतो. आजोबा असते तर तुमच्याशी रात्रभर बोलले असते.

---

भूलवाली

मी भूलतज्ज्ञ आहे. माणसाची जाणीव रोज सकाळी घालवते आणि दुपारपर्यंत परत आणते, म्हणून दोन शब्द.

प्रोपोफॉल नावाचं दुधासारखं पांढरं औषध शिरेतून जातं. रुग्ण बोलत असतो, वाक्य अर्धं राहतं. झोपेत निदान ‘बराच वेळ झोपलो’ एवढं तरी कळतं. इथे तेही नाही. तीन तासांची शस्त्रक्रिया झाली तरी उठून विचारतात, “कधी सुरू करणार?”

परत येताना जाणीव एकदम येत नाही, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. आधी श्वास सांभाळला जातो. मग “डोळे उघडा” म्हटलं की डोळे उघडतात, “हात दाबा” म्हटलं की हात दाबतात. पण त्या क्षणांची आठवण बहुतेकांना नंतर नसते. कोण होतं ते हात दाबणारं? नाव, गाव, लाज, काळजी हे सगळं नंतर येतं. पदर सारखा करायला हात वर गेला की मी ओळखते, आता बाई आल्या. आणि मधल्या तीन तासांत मॉनिटरवरचे आकडे, रक्ताचे थेंब, दिवे, सगळं जागच्या जागी चालू असतं. त्यांच्या ‘मी’वाचून जगाचं काही अडत नाही.

मेंदूतच क्वांटम प्रक्रिया आहे का, हा वेगळा प्रश्न, आणि तो खुळचट नाही. भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोझ आणि स्टुअर्ट हॅमेरॉफ यांचं म्हणणं असं की पेशींमधल्या सूक्ष्मनलिकांत क्वांटम अवस्था टिकतात. यातले हॅमेरॉफ माझ्याच व्यवसायातले. मॅक्स टेगमार्क यांनी २००० साली गणित मांडलं की मेंदूच्या उबदार, ओल्या वातावरणात अशी अवस्था सेकंदाच्या १० लाख कोटीव्या भागापलीकडे टिकणार नाही, आणि चेतापेशींचं काम चालतं मिलिसेकंदांत. हॅमेरॉफ गटाने त्या गणिताला आक्षेप घेतले. २०१८ मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात झेनॉन वायूच्या वेगवेगळ्या समस्थानिकांची भूल कमीजास्त भरली आणि फरक अणुकेंद्राच्या फिरकीशी जुळत होता. एका प्रयोगावर मी घर बांधणार नाही, पण तो वाचून त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

हे खरं निघालं तरी ताईंच्या बाबतीत काही बदलत नाही. मेंदूत क्वांटम असणं वेगळं आणि मनाने सांधे बिघडवणं वेगळं.

एक काळजीचं विचारते. त्या शिबिरानंतर त्यांनी औषध तर थांबवलं नाही ना?

---

प्रकाशकाठी

डॉक्टर, थांबवलं आहे. दर आठवड्याची गोळी दोन आठवडे घेतलेली नाही. मला कालच कळलं. म्हणूनच घाई.

---

भूलवाली

उद्याच त्यांच्या डॉक्टरांना फोन करायला लावा. मधल्या डोसांचं काय करायचं ते तेच सांगतील, मनाने दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. हे महत्त्वाचं आहे.

---

मृण्मय_एमेस्सी

काका, एक अडलंय. पट्टे जाणं न जाणं हे उपकरणावर अवलंबून, हे पटलं. पण शेवटी भिंत कुणीतरी बघतंच ना? कॅमेऱ्याने टिपलं तरी तो फोटो नंतर माणूसच बघणार. मग विग्नरना खोटं कसं पाडायचं? आणि डिकोहेरन्सने, म्हणजे भोवतालाशी गुंतल्यामुळे पट्टे पुसले जाण्याने, मोजमापाचा प्रश्न सुटतो का?

---

प्रकाशकाठी

मृण्मय, परीक्षेत असा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला दरवर्षी एखादाच मिळायचा.

दुसरं आधी. नाही, पूर्ण सुटत नाही. पट्टे का जातात ते डिकोहेरन्स सांगतं. व्हिएन्नाच्या गटाने २००४ मध्ये कार्बनच्या ७० अणूंचे रेणू लेझरने तापवून जाळीतून सोडले. रेणू जितका तापलेला तितके पट्टे पुसट, कारण तापलेला रेणू स्वतःच उष्णतेचे फोटॉन बाहेर टाकतो आणि त्यांतून त्याची वाट ‘फुटते’. ते फोटॉन कुणी झेलले नव्हते. वाट आसमंतात पसरली, तेवढ्याने भागलं. इथला निरीक्षक म्हणजे आसमंत.

पण पुष्कळ शक्यतांमधून एकच निकाल का हाती येतो, हे त्यातून कळत नाही. तो प्रश्न खरा आहे, अजून उघडा आहे. एव्हरेट १९५७ मध्ये म्हणाले, सगळेच निकाल घडतात. बोम १९५२ मध्ये म्हणाले, कणाला कायम ठिकाण असतंच, लाट त्याला वाट दाखवते. १९८६ मध्ये तिघा इटालियन शास्त्रज्ञांनी समीकरणच थोडं बदलून तरंग आपोआप कोसळतो असं मांडलं. या तिन्ही मार्गांत जाणिवेला काही काम दिलेलं नाही. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी तर विचारलं होतं, की जगाचा तरंग कोट्यवधी वर्षं पहिला एकपेशीय जीव येईपर्यंत ताटकळत बसला होता का?

आता विग्नर. तर्काने त्यांना खोटं पाडता येत नाही, तू बरोबर आहेस. कुठलाही पुरावा शेवटी कुणाच्या तरी जाणिवेत येणारच. पण एक गोष्ट नीट बघ. विग्नर खरे धरले तरी जाणीव निकाल *निवडत* नाही. कुठला निकाल किती वेळा येणार हे माक्स बॉर्न यांच्या १९२६ च्या नियमाने ठरतं. त्या सूत्रात तरंगाचा वर्ग आहे. इच्छेसाठी, श्रद्धेसाठी, भीतीसाठी एकही चिन्ह नाही. तू हसत बघ, रडत बघ, टक्केवारी तीच. म्हणजे शिबिराचं म्हणणं विग्नरांच्याही बाजूला उभं राहू शकत नाही. बहिणीला सांगायचं होतं ते नेमकं हेच, आणि त्या रात्री फोनवर मला ते सुचलं नाही.

---

खिडकीपाशी

मी शास्त्रातली नाही, शाळेत चित्रकला शिकवते. पण ‘बघणं’ हा माझा रोजचा विषय, म्हणून लिहिते.

मुलांना मी एक गोष्ट करायला लावते. आरशासमोर उभं राहा. आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, मग परत डाव्या. आपले डोळे हलताना आपल्याला कधीही दिसत नाहीत. शेजारी उभ्या मैत्रिणीला मात्र स्पष्ट दिसतात. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात करून बघितलं तर दिसतात, कारण तिथलं चित्र जरासं उशिरा येतं. डोळे झटक्यात फिरतात तेवढा वेळ मेंदू चित्र दाबून टाकतो आणि पुढचं-मागचं शिवून देतो. आपल्याला ती शिवण जाणवत नाही.

दुसरं, कागदावर बोटाच्या लांबीएवढ्या अंतराने शेजारी-शेजारी दोन ठिपके काढा. डावा डोळा बंद, उजव्याने डावा ठिपका बघा, कागद हळूहळू जवळ आणा. एका जागी उजवा ठिपका नाहीसा होतो. तिथे काळं भोक दिसत नाही, कोरा कागद दिसतो! मेंदू तो भरून काढतो. रेघ काढली असेल तर रेघ भरतो.

३० वर्षं मी मुलांना सांगत आले, ‘दिसतं तसं काढा’. आता म्हणते, ‘काय दिसतं ते आधी तपासा’.

---

भूलवाली

खिडकीपाशी, क्या बात है. यालाच जोडून सांगते. अपस्मारासाठी ज्यांच्या मेंदूच्या दोन अर्धांमधला सेतू कापावा लागला, अशा रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी काम केलं. त्यासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. त्यांचे शिष्य गॅझानिगा यांचा एक प्रयोग असा. रुग्णाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय दाखवला, उजव्याला बर्फ साचलेलं घर. समोरच्या चित्रांतून उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने फावडं. बोलतो डावा मेंदू, आणि त्याने बर्फ पाहिलेलाच नव्हता. फावडं का निवडलं विचारल्यावर रुग्ण क्षणभरही न अडखळता म्हणाला, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच की.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. जे घडलं त्याला ‘मी केलं, अमुक कारणाने केलं’ अशी गोष्ट जोडणारा आपल्या सगळ्यांच्या आत आहे. आजारी माणसाला कारण सापडत नाही तेव्हा हाच आतला गोष्टवाला सगळ्यांत जास्त छळतो. ‘मीच काहीतरी केलं असणार’ हे वाक्य मी वॉर्डात इतक्या वेळा ऐकलंय. त्याला ‘हो, तूच केलंस, विज्ञान सांगतंय’ असा दुजोरा देणं ही क्रूर गोष्ट आहे. मला दुसरा शब्द सापडत नाही.

---

नेवासेकर

अहंकाराची इतकी नेमकी व्याख्या मी कीर्तनातही ऐकली नव्हती. घडतं प्रकृतीत आणि वरून ‘मी केलं’ अशी मोहोर उमटते.

एक मात्र नोंदवून ठेवतो, आणि हे वादासाठी नाही. हा सगळा खेळ जाणवतो कुणाला, हा प्रश्न फावड्याने उकरून निघत नाही. तुमची यंत्रं ‘मी’चा पत्ता शोधतील. जाणवण्याचा शोधतील असं मला वाटत नाही.

---

प्रकाशकाठी

नेवासेकर, मलाही तो प्रश्न पुरून उरलेला आहे. मेंदूत काय चाललंय ते कितीही मोजलं तरी तांबडं *दिसणं* म्हणजे काय, ते त्या आकड्यांत मला सापडत नाही. तिथे मी गप्प बसतो. पण त्या गप्प जागेत कुणी येऊन दुकान मांडलं की मात्र गप्प बसवत नाही.

---

तळ्याकाठी

सर, ताई कशा आहेत?

---

प्रकाशकाठी

परवा तिच्याकडे गेलो होतो. लेझर, तार आणि जुन्या लॅपटॉपच्या पडद्यातून काढलेली फिल्म घेऊन. (मृण्मय, दुरुस्तीच्या दुकानात फुटके पडदे पडलेले असतात, मागितले की देतात. आणि झोत कुणाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नकोस.) स्वयंपाकघरातला दिवा मालवला, भिंतीवर पट्टे पाडले, मग फिल्म लावून घालवले. तिसरी फिल्म तिच्या हातात दिली. बोटं दुखत होती, तरी तिने ती हळूहळू फिरवली. ४५ अंशांजवळ पट्टे परत आले तशी म्हणाली, “मी बघितलं म्हणून आले?”

मी म्हटलं, पाठ कर भिंतीकडे. मोबाइलने चित्रण केलं, तिने डोळे मिटून मनात ‘येऊ नका, येऊ नका’ म्हटलं. मग आम्ही चित्रण बघितलं. पट्टे होतेच. तिने अजून तीनदा करायला लावलं, एकदा ‘या’ म्हणून, एकदा ‘येऊ नका’ म्हणून, आणि एकदा काहीच न म्हणता. नंतर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “चहा टाकतोस का? मला आज पातेलं उचलवणार नाही.”

आज सकाळी भाच्याबरोबर डॉक्टरांकडे जाऊन आली. रक्ताच्या तपासण्या सांगितल्यात, गोळी पुन्हा सुरू. फिल्मचा तुकडा तिने ठेवून घेतलाय. शेजारच्या मुलांना दाखवायचा आहे म्हणे.